सोपाऱ्याची धम्मयात्रा

सुट्टीत कुठे जायचे यावर घरात वाद चालला होता. मी सर्वांना नालासोपाऱ्याला, म्हणजे प्राचीन शूर्पारक नगरीत नेले. स्तूप कुठे ते कोणी सांगेना. ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणताच एका आजोबांनी वाट दाखवली.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप उकरला. आत करंडक, आठ मूर्ती आणि तथागतांच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे निघाले. ते मुंबईच्या टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्याच टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर मी वीस वर्षे डबा खाल्ला. आत काय आहे, हे कधी विचारले नाही. मुलांसमोर मान खाली गेली.

सोपाऱ्यातच सम्राट अशोकांच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात. अशोक संबोधीस गेले आणि धम्मयात्रा सुरू झाली, असे तो लेख सांगतो. वृद्धांना भेटावे, दान द्यावे, खेड्यातील जनतेशी धम्मचर्चा करावी, अशी ती यात्रा.

बंधू-भगिनींनो, बोधगयेचा खर्च सर्वांना झेपत नाही. सोपारा लोकलच्या तिकिटात होते. मुलांना न्या आणि घरातल्या म्हाताऱ्यांनाही. अशोकांच्या यात्रेत त्यांचाही मान होता.