दोनच ऋतूंचे बेट

कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला, नकाशात, लहानमोठ्या बेटांची एक कमानदार माळ दिसते. क्रिकेटच्या निमित्ताने 'वेस्ट इंडीज' हे नाव मराठी घरांतूनही परिचयाचे झाले आहे; परंतु या माळेतील बार्बुडा नावाच्या मण्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्याच्या दक्षिणेस सुमारे ४८ किलोमीटरांवर अँटिग्वा हे थोरले भावंड आहे. ही दोन्ही बेटे मिळून १९८१ साली एक स्वतंत्र राष्ट्र झाले. बार्बुडाचे क्षेत्रफळ अवघे १६० चौरस किलोमीटरांच्या आसपास असून तेथे कॉड्रिंग्टन नावाचे एकच गाव आहे. बेट इतके सपाट, की त्याच्या सर्वांत उंच जागेची उंची चाळीस मीटरही भरत नाही.

थंड देशांतील प्रवासी तेथे डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत येतात. मायदेशी बर्फ पडत असते, आणि येथे होडीतून उतरताच पायांखाली शिंपल्यांच्या चुऱ्याने गुलाबी झालेली वाळू लागते. उन्हाळा व हिवाळा हे शब्द येथे जवळजवळ निरुपयोगी आहेत. जानेवारीतील दुपार आणि ऑगस्टमधील दुपार यांच्या उष्णतेत जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक. ऋतू मोजायचे ते कोरडे आणि ओले, असे दोनच. आणि ते घेऊन येणारा तो वारा.

हा वारा म्हणजे ईशान्येकडून व पूर्वेकडून वाहणारा व्यापारी वारा होय. शिडांची गलबते याच वाऱ्याच्या भरवशावर अटलांटिक महासागर ओलांडीत. वर्षाच्या अखेरीस तो इतका जोर धरतो, की बेटांवरचे लोक त्याला नाताळचे वारे म्हणतात. नवख्या पाहुण्याची फसगत होते ती याच वाऱ्यामुळे. अंगाला गार झुळूक लागत असते, ऊन कसे ते जाणवत नाही. आणि संध्याकाळी आरशात पाहावे, तो खांदे लालबुंद होऊन सोलवटू लागलेले!

समुद्रावरून येणारा हा वारा पाऊस पुष्कळसा देत असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण वाऱ्याला वर चढविणारा डोंगर बार्बुडावर नाही. दक्षिणेकडील डोमिनिका बेटावर जवळजवळ दीड हजार मीटर उंचीची शिखरे आहेत. तेथे हाच वारा वर चढतो, थंड होतो आणि अरण्ये भिजवून टाकतो. बार्बुडावरून मात्र तो ढगांसह सरळ पुढे निघून जातो. म्हणून तेथील लोक छपरावर पडलेले पाणी टाक्यांत साठवतात. जो निरभ्र दिवस पाहुण्याला हवाहवासा वाटतो, तोच घरधन्याला टाकीत डोकावून पाहायला लावतो.

उन्हाळ्याच्या महिन्यांत कधीकधी आकाश धुरकट होते. ही धूळ बेटावरची नव्हे. ती थेट सहारा वाळवंटातून महासागर ओलांडून आलेली असते. त्याच आफ्रिकेच्या बाजूने हरिकेन नावाच्या चक्रीवादळांची बीजेही येतात. तापलेल्या समुद्राची वाफ पिऊन ती वाटेत पुष्ट होतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा त्यांचा काळ मानला जातो, आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचे दिवस विशेष धोक्याचे. या दिवसांत पाहुणे फारसे फिरकत नाहीत. वस्तीकऱ्यांना तशी सोय कोठली?

आश्चर्य असे, की बेटाच्या सर्वांत प्रसिद्ध रहिवाशांचा सोहळा नेमका सप्टेंबरात सुरू होतो. गावालगतच्या खाऱ्या सरोवरात खारफुटीची झुडपे आहेत, आणि त्यांवर हजारो फ्रिगेट पक्षी वस्ती करून असतात. पंख दोन मीटरांहून अधिक पसरणारा हा काळा पक्षी समुद्रावर जगतो. पण त्याची पिसे पाण्याने भिजतात, म्हणून तो पाण्यावर बसत नाही. दुसऱ्या पक्ष्यांनी पकडलेले मासे हवेतल्या हवेत हिसकावून घेण्यात तो मोठा तरबेज. मादीला भुलविण्यासाठी नर गळ्याखालची लाल पिशवी फुग्यासारखी फुगवतो. पुढे मादी एकुलते एक अंडे घालते. हे दृश्य दाखविण्यासाठी गावचे नावाडी पाहुण्यांना सरोवरात नेतात.

२०१७ सालच्या ६ सप्टेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, 'इर्मा' नावाचे वादळ या बेटावर आले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २९५ किलोमीटर होता. वादळाचा डोळा नेमका बेटावरून गेला. तेवढा वेळ सारे शांत झाले, आणि मग तोच वारा उलट दिशेने पुन्हा सुरू झाला. उजाडले तेव्हा दहांतील नऊ घरे मोडली होती. एक दोन वर्षांचे मूल त्या रात्री दगावले. सरोवर आणि समुद्र यांच्यामधली वाळूची अरुंद पट्टी फोडून लाटा आत शिरल्या होत्या. खारफुटीवर पान उरले नव्हते, आणि पक्षी दिसेनासे झाले होते.

इतक्यात मागोमाग 'होसे' नावाचे दुसरे वादळ येत असल्याची वार्ता आली. तेव्हा अवघ्या बेटाला होड्यांतून आणि विमानांतून अँटिग्वाला हलविण्यात आले. कुत्री, शेळ्या, गाढवे मागे राहिली. सुमारे तीनशे वर्षांत प्रथमच बार्बुडावर मनुष्यवस्ती उरली नाही. ज्याच्या भयाने हे झाले, ते दुसरे वादळ मात्र बेटाला न शिवता उत्तरेकडून निघून गेले.

पक्ष्यांना परवानगी मागावी लागत नाही. काही आठवड्यांतच ते त्या उघड्या फांद्यांवर परतू लागले. माणसांना वेळ लागला. छप्पर नाही, पाणी नाही, शाळा नाही. तरी लोक थोडेथोडे करून आले, पत्रे ठोकू लागले. नावाड्यांनी होड्या पुन्हा सरोवरात लोटल्या. आता येणाऱ्या पाहुण्याला ते लाल पिशव्या फुगवून बसलेले नर दाखवतात आणि समुद्राने वाळूची पट्टी कोठे फोडली, तेही बोटाने दाखवतात.