गोवर ओसरल्यानंतर

पूर्वीच्या सुपा तालुक्यात, म्हणजे आजच्या जोयड्यात, माझे बालपण गेले. घरात गोवर आला की फोडणी बंद होई आणि दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे. माझ्या धाकट्या भावाला गोवर आला. आठवड्याभरात पुरळ ओसरले, तो अंगणात खेळू लागला. आईने देवीची ओटी भरली. दोन महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, छाती भरून तो गेला. ‘दृष्ट लागली’, असे आई जन्मभर म्हणत राहिली.

या दोन घटनांमधील सांधा मला फार उशिरा उमगला. गोवराचा विषाणू श्वासावाटे शिरतो आणि शरीराच्या पहारेकरी पेशींनाच वाहन करून सर्वांगात पसरतो. दहा-बारा दिवसांनी ताप येतो, पुढे दोन-चार दिवसांत पुरळ. हे पुरळ म्हणजे शरीराने दिलेल्या झुंजीची खूण. पण त्या झुंजीत जुन्या रोगांची ओळख ठेवणाऱ्या पेशीच मारल्या जातात. हॉलंडमधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोवरानंतर ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. पुरळ जाते, शरीराचे विस्मरण मागे उरते.

आपल्याकडे लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. परवा नातवाला दुसरी टोचून आणली. तो रडत होता. मला मात्र आई आठवत होती. ती दृष्ट नव्हती, हे तिला सांगायचे राहून गेले.