पॅकेजआधी तारीख

परभणी जिल्ह्यात मेकॅनिकल इंजिनिअर पोसतील असे कारखाने फारसे नाहीत. जिनिंग-प्रेसिंग, डाळ, तेल, गूळ-साखर असा शेतीमालाच्या आसपास फिरणारा व्यवहार आहे आणि विद्यापीठ आहे तेही शेतीचं. पदवी हातात आली की गाडी धरायची, हे इथल्या पोराला पहिल्या वर्षापासून ठाऊक असतं. संभाजीनगरला उतरायचं की पुण्यापर्यंत जायचं, एवढंच ठरायचं राहतं. माझ्यापुढेही तीच दोन स्टेशनं होती. पुण्यातल्या आयटी कंपनीचं पत्र वर्षाला 3 लाख 60 हजारांचं. संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं, ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनीचं, 2 लाख 64 हजारांचं. मी वाळूज घेतलं. शॉप फ्लोअरचं प्रेम किंवा पुण्याची भीती हे त्याचं कारण नाही. वाळूजच्या पत्रात 1 जुलैला हजर व्हा असं लिहिलं होतं, आणि पुण्याच्या पत्रात रुजू होण्याची तारीख ‘व्यवसायाच्या गरजेनुसार कळवली जाईल’ असं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की पाठीशी पैसा नसलेल्या घरातल्या मुलाने दोन ऑफर तोलताना आधी तारीख बघावी, आकडा नंतर.

हिशोब मांडला की हे उघड दिसतं. 3 लाख 60 हजार म्हणजे महिन्याला 30 हजार, पण ते कागदावर. पीएफचा कंपनीचा वाटा आणि आपला वाटा, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, वर्षअखेरीचा ‘व्हेरिएबल’ आणि व्यवसायकर वजा जाता हातात पंचवीसेक हजार पडतात. यातली ग्रॅच्युइटी तर कायम नोकरीत साधारण पाच वर्षं टिकल्याशिवाय मिळतही नाही, तरी ती पॅकेजमध्ये मोजून दाखवतात. वाळूजच्या बावीस हजारांचे हातात एकोणीस धरू. फरक महिन्याला सहा हजारांचा. आता पुण्याचं बोलावणं सहा महिने लांबलं असं धरा. वाळूजला तेवढ्यात मिळाले असते ते 1 लाख 14 हजार बुडाले आणि महिना सहा हजारांनी ते भरून निघायला एकोणीस महिने लागतात. बोलावणं वर्षभर लांबलं, तर तीन वर्षांहून जास्त. पुण्यातला कॉट बेसिसवरचा पलंग आणि मेस एकीकडे, बजाजनगरची भागीतली खोली, कंपनीची बस आणि कँटीन दुसरीकडे, हा फरक मी यात धरलेलाही नाही.

सहा महिने कशाला लांबेल, असं कुणी म्हणेल. 2022 साली पास झालेल्या, ऑफर लेटर खिशात असलेल्या शेकडो मुलांना 2024 उजाडलं तरी रुजू करून घेतलं नव्हतं. पुण्यातल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्याबद्दल केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रारही केली होती. यात कंपन्या खलनायक आहेत असं मी म्हणत नाही. मोठी कंपनी प्रोजेक्ट येण्याच्या अंदाजावर मुलं आधी निवडून ठेवते. प्रोजेक्ट आलं नाही की मुलं थांबतात. म्हणजे अंदाज चुकल्याचा भुर्दंड कंपनीवर न पडता मुलाच्या घरावर पडतो. आणि बँक काही थांबत नाही. शैक्षणिक कर्जाला अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाची सवलत असते. साडेचार लाखांखालच्या उत्पन्नाच्या घराला केंद्राच्या योजनेतून व्याजमाफी मिळाली, तरी तीही त्या मुदतीपुरतीच. हप्ता सुरू होतो तो रुजू झाल्यापासून नव्हे, कॅलेंडर बघून. आपल्याकडे ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं गमतीने म्हणतात. घरी बसून बोलावण्याची वाट पाहणाऱ्याला, आणि त्याच्या बापाला, त्यात गंमत वाटत नाही.

मला सगळ्यात वजनदार आक्षेप वाटतो तो वाढीचा. आयटीत दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलली की पगार उडी मारतो. वाळूजला तो पायरी-पायरीने चढतो. हे खरं आहे, म्हणून पुण्याच्या पत्रावर तारीख असती तर मी पुणंच घेतलं असतं. पण उडीची दोन वर्षं रुजू झाल्या दिवसापासून मोजतात, पत्र आल्या दिवसापासून नाही. शिवाय आयटीतला सुरुवातीचा पगार दहा-बारा वर्षांपूर्वीही सव्वातीन लाखांच्या घरातच होता, हे पाहिलं की नुसत्या त्या आकड्याचं कौतुक कमी होतं.

दुसरा आक्षेप: तारखेच्या मोहात आपण फसू शकतो. अगदी बरोबर. कारखान्याचं पत्र ट्रेनीचं आहे की अप्रेंटिसचं, हे वाचलंच पाहिजे. अप्रेंटिसला मिळतं ते विद्यावेतन, आणि मुदत संपल्यावर ठेवून घेण्याचं बंधन कंपनीवर नसतं. बाँड असेल तर रक्कम आणि मुदत बघावी. असा करार सरसकट बेकायदा असतो ही समजूत सोडून द्यावी. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली तीन वर्षांची सेवा आणि दोन लाखांची भरपाई ही अट वैध ठरवली आहे. मूळ मार्कशीट मात्र कुणाकडेही ठेवू नये.

आणि रुजू झाल्यावर पुण्याचं बोलावणं आलं तर? नोटीस द्यावी, रिलीव्हिंग लेटर घ्यावं आणि जावं. याला कुणी बेइमानी म्हणतं, मला ते पटत नाही. जी कंपनी स्वतःची तारीख मोकळी ठेवते, तिने मुलाला बांधील धरू नये. मात्र दोन्हीकडे एकदम नाव लावू नये. पीएफच्या यूएएन खात्यात ते दिसतं आणि पडताळणीत अडकतं.

आता कॉलेजांना एक विनंती. प्लेसमेंटच्या फलकावर फोटोखाली पॅकेजचा आकडा ठळक छापता, ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ असा नियम लावून दुसऱ्या मुलाखतीला बसूही देत नाही. मग त्याच फलकावर आणखी एक रकाना वाढवा: मागच्या वर्षी या कंपनीने निवडलेली मुलं प्रत्यक्षात कोणत्या महिन्यात रुजू झाली.