ब्रेक ऑइलचा रंग

टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. घरात गाडी असेल तर आज खाली जाऊन बघा, मोबाइलचा टॉर्च लागेल. गेल्या ऑक्टोबरात मामाच्या गॅरेजात आलेल्या लाल टू-सीटरच्या चारही टायरवर हेच आकडे होते. नक्षी जवळपास कोरी, कारण गाडी वर्षाला चारशे किलोमीटरही धावत नव्हती. पण नख दाबलं तर रबर दगडासारखं. ओल्या रस्त्यावर असं टायर ब्रेक मारल्यावर थांबत नाही, घसरतं.

मामाचं गॅरेज पळसदरीच्या पुढे, कर्जत-खोपोली रस्त्याला. कामं रिक्षांची, टेम्पोंची आणि फार्महाऊसवाल्यांची. मी कॉलेज सांभाळून त्याची बिलं मोबाइलवर टाइप करतो, त्यामुळे कुठल्या गाडीला काय झालं ते मला पैशांच्या भाषेत पाठ असतं. ही टू-सीटर २००८ ची, परदेशातून आलेली, मुंबईच्या एका शेठची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तिचा काही दोष नाही. सतरा वर्षांनी कुणाचंही छप्पर गळतं.

मुंबईत पार्किंग नाही म्हणून गाडी कर्जतला ठेवायची, ही कल्पना मुंबईच्या माणसालाच सुचते. आमच्याकडे चार महिने भिंतीसुद्धा सुकत नाहीत. कापडी छपराच्या गाडीला दोन्ही बाजूंनी पाणी खाली सोडणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यात जांभळाची पानं अडकली की पाणी सीटखाली उतरतं, आणि त्या गाडीत सीटखालीच वायरिंगचे सॉकेट. गालिचा उचलला तर खाली बुरशी, तिच्याखाली हिरवे पडलेले तांब्याचे पिन. बॉनेटखाली उंदरांनी इन्शुलेशनचं घरटं केलेलं. टाकीतलं पेट्रोल वर्षभराचं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनवलेलेच नव्हते. आमच्या गाडीचा एक पाइप हातात घेतल्यावर केकसारखा तुटला. मामा म्हणाला, "चालवून गाडी जेवढी खराब होते त्याच्या दुप्पट उभी राहून होते." हे त्याचं ठरलेलं वाक्य आहे, आकडा कुठून आणला ते विचारू नका.

शेठचा निरोप साधा होता. रविवारी मुलीला घेऊन लोणावळ्याला जायचंय, बॅटरी टाका, धुऊन ठेवा.

मामाने ब्रेक ऑइलचं झाकण उघडलं. नवं ब्रेक ऑइल मधासारखं पिवळसर, पारदर्शक दिसतं. हे काळ्या चहासारखं होतं. ब्रेक ऑइलसुद्धा हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात चार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ती हद्द १५५ वर येते. सपाटीला काही कळत नाही. घाट उतरताना मात्र ब्रेकवर पाय ठेवून आलात की डिस्क तापते, ऑइल उकळतं, पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पेडल थेट फ्लोअरला टेकतं आणि गाडी तशीच पळत राहते.

कर्जतच्या माणसाला उतार वेगळा शिकवावा लागत नाही. १८६३ पासून रेल्वे बोरघाट चढते, चढ ३७ फुटांना एक फूट. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात ती आम्ही लहानपणापासून मोजत आलोय. मोटारीला मागून ढकलायला कुणी येत नाही आणि उतरताना मागून धरायलाही नाही.

मामाने किल्ली गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि मला म्हणाला, लिही. टायर ७२,०००, पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे म्हणून. डिस्क, पॅड, कॅलिपरची रबरं, ऑइल मिळून ५८,०००. रेडिएटर, वॉटर पंप, होस पाइप ४६,०००, कारण रेडिएटरची प्लास्टिकची टाकी केसाएवढी तडकली होती. टायमिंग बेल्टचा सेट २८,०००. बॅटरी ९,५००. बेल्टवर शेठ फोनवरच अडले: गाडी पळालीच नाही तर बेल्ट झिजला कसा? तो किलोमीटरवर जातो तसा वर्षांवरही जातो. अशा इंजिनात तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग बिल इंजिनाच्या किमतीएवढं होतं.

सचिनला ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ साली सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हातून मिळालेली फेरारी ३६० मोडेना आठवते का? तिच्या कस्टम ड्युटीवरून देशभर वाद झाला. त्या मॉडेलचा बेल्ट दर तीन वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी चालो वा उभी राहो. ड्युटी एकदाच भरायची असते, बेल्टचं तसं नाही. आमच्या शेठनीही परदेशी गाडी म्हणून पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे ४०,००० भरले होते, कुरकुर न करता. सरकारला दिलेला पैसा लोकांना खर्च वाटत नाही बहुतेक.

"मिस्त्री, गाडी चालू होतेय ना? मग रविवारी द्या, बाकीचं नंतर बघू."

मामाच्या ओळखीची सात-आठ फार्महाऊसं या एका शेठमुळे आलीयत. मामीने खुणेने सांगितलं, देऊन टाका. मामा फोनवर म्हणाला, "शेठ, चालू होते. थांबत न्हाय. टोचन लावून न्यायची तर आत्ता न्या, किल्ली देत न्हाय." पलीकडून फोन कट.

दोन दिवस गॅरेजात कुणी फारसं बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: करा.

पार्ट मुंबईहून यायला, सगळं बसायला अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी मामा मला शेजारी बसवून खोपोलीहून जुन्या रस्त्याने वर गेला. शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी उभी केली, काट्याकडे बघितलं, निम्म्यावर होता. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे देऊळ, इथे ड्रायव्हर नाणं टाकून जातात. मामाने दहाचं टाकलं. उतरताना दुसरा गिअर, पाय ब्रेकवर अधूनमधूनच. खाली आल्यावर त्याने चाकाजवळ नाक नेऊन वास घेतला. जळका वास नव्हता.

शेठ मुलीला घेऊनच आले. टायरच्या ७२,००० वर शब्द नाही, डिस्कवर नाही. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं: मजुरी २२,०००. "हे जरा जास्त होतंय, मिस्त्री."

दोन माणसं, अकरा दिवस. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा म्हणाला, "दोन हजार कमी करतो. पण ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी इथंच बदलायचं."

शेठनी तिथल्या तिथे यूपीआयने पैसे दिले. मुलगी तोवर छप्पर उघडून बसली होती. मामाने त्यांना उतरताना कुठला गिअर ठेवायचा ते दोनदा सांगितलं, आणि मी पुढच्या तारखेची आठवण मोबाइलमध्ये टाकली.