पिवळा दिवा

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरी देवापुढे एक दिवा असतो आणि बाबांच्या पिकअपमध्ये दुसरा. पहिला आई रोज लावते. दुसरा आपोआप लागतो आणि घराची झोप उडवतो. स्टिअरिंगसमोर पिवळ्या रंगात उमटणारी ती इंजिनाची आकृती बाबांना नळासारखी दिसते. "नळ आला बघ," असे ते म्हणत. नळ आला म्हणून कपाळाला हात लावणारे भाईंदरमधले घर आमचे एकटेच असावे!

बाबा भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून स्टीलची भांडी भरून भिवंडीच्या गोदामांत पोचवतात. गाडी जुनी घेतलेली. हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला. गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रस्त्याने जाताना गायमुखच्या चढावर तो दिवा पहिल्यांदा लागला आणि गाडीचा दमच गेला. ती रांगत चढली. मागून भोंग्यांचा कल्लोळ.

पहिल्या गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला. पडद्यावर आले, 'पी ०२९९'. टर्बोचा दाब कमी. त्याने तो कोड पुसला, दिवा विझला, पाचशे रुपये झाले. आठवड्याने दिवा परत! दुसऱ्याने दाब मोजणारा सेन्सर बदलला. दहा दिवसांनी दिवा परत! तिसऱ्याने निकाल दिला, "टर्बो गेला. ३५,००० रुपये." त्या रात्री आईने पाटल्यांची डबी मुकाट्याने बाबांसमोर ठेवली. बाबांनी ती पुन्हा कपाटात ठेवली आणि सकाळी त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली.

मला राग आला. "बाबा, पट्टी लावून बिघाड जातो का? जरा समजून घ्या ना!" घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, तेव्हा समजण्याचे खाते माझ्याकडे आहे अशी माझी समजूत होती. बाबा शांतपणे म्हणाले, "अरे, रिकाम्या गाडीला हा दिवा कधी लागत नाही. भरलेली गाडी चढावर घातली की लागतो. पण मला विचारतंय कोण? जो तो त्या यंत्रालाच विचारतो."

मी गप्प झालो. विचारणाऱ्यांत मीही नव्हतोच.

मग मी वाचायला बसलो. गाडीने आपल्या तक्रारी ठरलेल्या कोडमध्ये सांगायच्या, ही पद्धत अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. मूळ हेतू धुरावर लक्ष ठेवण्याचा. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरचा विभाग, पुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला कोड. पण एक गोष्ट वाचून मी चमकलो. कोड तक्रार सांगतो, कारण सांगत नाही. 'दाब कमी' म्हणजे 'टर्बो खराब' असे नव्हे. पोट दुखते म्हणून कोणी लगेच पोट बदलत नाही!

बाबांनी सांगायचे आणि मी लिहायचे, अशी एक वही आम्ही केली. तारीख, माल किती, दिवा कुठे लागला. पंधरा दिवसांत दिवा चार वेळा लागला. चारही वेळा गाडी भरलेली, चारही वेळा चढ. रिकाम्या परतीत एकदाही नाही.

ती वही घेऊन आम्ही काशिमिऱ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्कॅनर आधी जोडलाच नाही. वही वाचली, बाबांना विचारले, "चढावर शिट्टीसारखा आवाज येतो का?" बाबा म्हणाले, "येतो. फुस्स करून." मिस्त्री हसले.

त्यांनी समजावले ते असे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बो फिरतो आणि बाहेरची हवा दाबून आत पाठवतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती वाटेत इंटरकूलरमध्ये थंड होते आणि जाड रबरी नळीतून इंजिनाकडे जाते. त्या नळ्यांत त्यांनी बेताची हवा भरली आणि वरून साबणाचे पाणी शिंपडले, पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसे. एका नळीवर, पट्ट्याच्या कडेला, तेलकट डागापाशी बुडबुडे फुलले. बारीकशी चीर! रिकाम्या गाडीत दाब कमी, तेव्हा ती मिटलेली राही; ओझे पडले की उघडे. टर्बो शाबूत होता. नवी नळी, मजुरीसकट १,८०० रुपये.

परतताना भरलेल्या गाडीने गायमुख चढलो. बाबांनी आधीच नखाने पट्टी खरवडून काढली होती. दिवा लागला नाही. मी वही उघडून पेन धरले. बाबा म्हणाले, "आता काय लिहितोस?"

काय लिहायचे ते मलाही कळत नव्हते. बाबांना शाळा चौथीपर्यंतच मिळाली. पण ओझे कधी आणि कुठे जाणवते, हे ते वाहणाऱ्याला ठाऊक असते. विचारणारा मात्र हवा. मी तारीख घातली, माल लिहिला आणि पुढे लिहिले, 'चढ पार. दिवा नाही.'

पट्टीच्या डिंकाचा डाग अजून काचेवर आहे. तो मी पुसत नाही.