उशिरा येणाऱ्यांचा यजमान

गिल्ड वॉर्स २ गैरहजेरीचा राग धरत नाही. मुलीची दहावी, बदली, घराचं काम, आईचं आजारपण, कारण काहीही असो. वर्षभराने परत या, तुमचा योद्धा जिथे सोडून गेलात तिथेच उभा असतो. अंगावर तेच चिलखत, आणि त्या चिलखताची ताकद अजून तेवढीच. रोज येणाऱ्यांसाठी तो छोटी छोटी बक्षिसं ठेवतो, पण न आलेल्याने कमावलेलं काढून घेत नाही. ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांच्या घराण्यात असा स्वभाव दुर्मीळ आहे. अधूनमधून भेटणाऱ्या मित्रांसाठी खेळ निवडताना मी हाच गुण सर्वांत आधी पाहतो.

त्याचा जन्म २८ ऑगस्ट २०१२ चा. सिएटलजवळच्या बेलव्ह्यू गावात अरीनानेट नावाचा स्टुडिओ आहे. ब्लिझार्डमधून बाहेर पडलेल्या तिघांनी २००० साली तो काढला. त्यांचा पहिला गिल्ड वॉर्स २००५ मध्ये आला तेव्हा महिन्याची वर्गणी हा या धंद्याचा रिवाज होता. तो त्यांनी मानला नाही, आणि धाकट्यानेही तो कधी मानलेला नाही. याच्या जगाचं नाव टायरिया. तिथे माणसं आहेत, शिंगं असलेले मार्जारकुळातले चार्र आहेत, धिप्पाड नॉर्न आहेत, एका महावृक्षातून जन्मणारे सिल्वारी आहेत आणि बुटके, लांब कानांचे, स्वतःच्या बुद्धीवर जाम खूश असलेले असुरा आहेत. डॅनिएल डोचू हा चित्रकार त्याचा कलादिग्दर्शक होता. एका मुलखातून दुसऱ्यात जाताना पडद्यावर येणाऱ्या चित्रांत कुंचल्याचे फटकारे अजून दिसतात. वय वाढलं तरी त्याचा चेहरा जुनाट वाटत नाही, याचं श्रेय मी त्या हाताला देतो.

आम्ही कॉलेजपासूनचे चार मित्र. मी पुण्यात, एक नाशिकला, एक म्युनिकला, एक न्यू जर्सीत. शनिवारी रात्री इथे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात म्युनिकमध्ये साडेसहा झालेले असतात आणि न्यू जर्सीत दुपारचे साडेबारा. म्युनिकवाला आणि मी हा खेळ जुने खेळतो, मध्ये मोठा खंड पडूनही. प्रश्न उरलेल्या दोघांचा होता: आठवड्यातून एकदा, तेही जमलं तर, दीड-दोन तास बसणाऱ्यांना हा झेपेल का?

पैशाचा भाग लवकर मिटतो. मूळ खेळ २०१५ पासून मोफत आहे. पुढचे विस्तार एकदाच विकत घ्यायचे, मासिक हप्ता नाही. मोफत खात्यावर दोनच पात्रं करता येतात, बोलण्यावर आणि बाजारातल्या देवाणघेवाणीवर बंधनं असतात, पण ऐंशी लेव्हलपर्यंतचं सगळं जग पायाखाली घालता येतं. आवडतंय की नाही हे ठरवायला तेवढं पुरून उरतं.

खरा पेच लेव्हलचा असतो. चौघांपैकी एकाला सुट्टी मिळते, तो आठवडाभर खेळतो, तीस लेव्हल पुढे जातो, आणि मग इतरांबरोबर खेळायला त्याच्याकडे काही उरत नाही. मित्रांचे कितीतरी गट याच एका कारणाने मोडतात. गिल्ड वॉर्स २ ने त्यावर साधा उपाय केला आहे: तुम्ही ज्या मुलखात जाल त्या मुलखाची लेव्हल तुम्हाला लागते. क्वीन्सडेल हा माणसांचा पहिला मुलूख, लेव्हल एक ते पंधराचा. माझा ऐंशीचा योद्धा तिथे उतरला की खेळ त्याला खाली आणतो. अनुभवाने आणि कौशल्यांनी तो थोडा वरचढ राहतो, हे खरं, पण एका फटक्यात सगळं साफ करून नवख्याची मजा घालवत नाही. आणि ऐंशी हीच शेवटची लेव्हल आहे, पहिल्या दिवसापासून आजपर्यंत. साधनसामग्रीचा सर्वांत वरचा दर्जा नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. त्याच्यावरची पायरी नंतर चढवलेलीच नाही. पंगत अर्धी उठलेली असताना आलेल्या पाहुण्याचं पान मांडून त्याला मिठापासून सगळं वाढणारा यजमान असतो ना, तसा हा आहे.

नाशिकवाल्याला पहिल्या संध्याकाळी मी शेमूरच्या शेतावर नेलं. तिथे एका शेतकरणीला मदत हवी असते. मक्याला पाणी घाला, गुरांना चारा घाला, जमिनीखालून डोकं काढणाऱ्या अजस्र अळ्यांची वारुळं पायाने तुडवा. जे आवडेल ते करा, कोपऱ्यातलं पोकळ हृदय हळूहळू भरत जातं. त्याने पाणी निवडलं. बादली भरायची, मक्यावर ओतायची, परत जायचं. मी शेजारी वारुळं तुडवत होतो. फोनवर त्याच्या द्राक्षबागेचं, यंदाच्या भावाचं बोलणं चाललं होतं. मारामारीला अजून सुरुवातही झाली नव्हती आणि आमचा अर्धा तास छान गेला होता. खेळ घाई करत नव्हता. मित्रांना गप्पा मारायला हातांना काहीतरी हलकं काम लागतं, ते या खेळाला बरोबर कळतं.

मग आम्ही दलदलीकडे गेलो. तिथे ठरलेल्या वेळांना शॅडो बेहेमोथ नावाचा सावलीचा राक्षस उठतो. आधी जमिनीत काळी दारं उघडतात, ती बंद करायची, मग छातीपर्यंत चिखलात रुतलेला तो प्रचंड सांगाडा वर येतो. आजूबाजूला वीस-तीस अनोळखी माणसं गोळा झालेली. कोणाला विचारायचं नाही, कोणाच्या पार्टीत शिरायचं नाही. तिथे उभं राहून हातभार लावला की तुम्ही त्यात आहात. नाशिकवाल्याला जमिनीवरच्या लाल वर्तुळांचा अर्थ अजून कळला नव्हता. वर्तुळ दिसलं की बाजूला लोळण घ्यायची असते. तो वर्तुळातच उभा राहिला आणि कोसळला.

इथे या खेळाचा खरा स्वभाव दिसतो. कोसळलेला माणूस लगेच मरत नाही. तो गुडघ्यांवर येतो, त्याच्या हातातली नेहमीची अस्त्रं जाऊन चार नवी येतात. योद्धा असेल तर तो पडल्या जागेवरून शत्रूला दगड मारू शकतो. शत्रू मेला तर तो उठतो. आणि जवळचा कोणीही, ओळखीचा असो नसो, एफ दाबून त्याला उठवू शकतो. मी पोहोचायच्या आत दोन परके खेळाडू नाशिकवाल्यावर वाकले होते. त्याला वाटलं माझी ओळख असेल. नव्हती. उठवणाऱ्याचं यात काही जात नाही, उलट अनुभवाचे थोडे गुण मिळतात, म्हणून उठवायची सवय इथे सगळ्यांच्या हाडात भिनली आहे.

तीच गोष्ट खनिजाची. तांब्याचा दगड दिसला, तीन घाव घातले, तांबं मिळालं. पण शेजाऱ्यासाठी तोच दगड अजून शाबूत असतो. लूटही ज्याची त्याला वेगळी मिळते. जुन्या खेळांत दोन मित्र एकाच खाणीकडे धावायचे आणि पहिला पोहोचणारा दुसऱ्याला नकोसा व्हायचा. इथे समोरून परका खेळाडू येताना दिसला की बरंच वाटतं. भांडणाची मुळंच ज्यांनी नियम लिहिताना उपटून टाकली, त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

घराण्यातले इतर कसे आहेत तेही पाहायला हवं. १९९९ चा एव्हरक्वेस्ट कडक होता: मेलात की कमावलेला अनुभव कमी व्हायचा, आणि अंगावरचं सामान परत मिळवायला स्वतःच्या प्रेतापर्यंत जावं लागायचं. त्या कडकपणातून घट्ट मैत्र्या झाल्या, पण त्यांना रोजच्या रात्री द्याव्या लागल्या. २००४ चा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट पुष्कळ मवाळ, तरी त्याची शेवटची लेव्हल साठवरून सत्तर, मग ऐंशी अशी सरकत गेली आणि दर विस्तारात जुनं चिलखत माळ्यावर गेलं. ज्याला वर चढत राहण्याची ओढ आहे त्याच्यासाठी तो उत्तमच. फायनल फँटसी फोर्टीनची कथा फार सुंदर आहे, पण ती मुख्य कथा पार केल्याशिवाय पुढची दालनं उघडत नाहीत. चार मित्र चार ठिकाणी अडकलेले असले की भेट कुठे घ्यायची हाच प्रश्न.

आता आमच्या यजमानाचे दोष. पहिला सर्वांत महत्त्वाचा, कारण तो सुरुवातीलाच आडवा येतो. खातं उघडताना उत्तर अमेरिका की युरोप हे निवडावं लागतं, आणि एका बाजूचे खेळाडू दुसऱ्या बाजूच्यांना टायरियात भेटू शकत नाहीत. न्यू जर्सीवाला सहज अमेरिका निवडेल, म्युनिकवाला युरोप, आणि दोघं दोन वेगळ्या टायरियांत एकमेकांना शोधत बसतील. भारतात याचा सर्व्हर नाही. पुण्या-नाशिकला युरोप जवळचा, म्हणून चौघांनी युरोपच घ्यायचा असं आम्ही ठरवलं. न्यू जर्सीवाल्याला थोडा लॅग सोसावा लागेल. लाल वर्तुळ दिसल्यावर त्याची लोळण क्षणभर उशिरा पडेल, पण मोकळ्या जगात तेवढ्याने काही अडत नाही.

दुसरा दोष वाहनांचा. २०१७ च्या पाथ ऑफ फायर विस्तारात माउंट आले: लांब उडी मारणारा रॅप्टर, उंच उडी मारणारा स्प्रिंगर, पाण्यावर तरंगणारा स्किमर. ते विकत घेतलेल्यांचे. आम्ही दोघं रॅप्टरवर निघालो की मोफतवाला मागून पळत येतो आणि फोनवर ऐकू येतं, "अरे थांबा ना, मी अजून पुलावरच आहे!" हे मला पटत नाही. जो खेळ लेव्हलचं अंतर एवढ्या प्रेमाने मिटवतो, त्याने पायी चालणाऱ्याचा विचार करायला हवा होता. पुढे २०२२ च्या एंड ऑफ ड्रॅगन्समध्ये दोघांना बसता येईल असं कासव आलं, एकाने हाकायचं आणि दुसऱ्याने तोफ डागायची. ते मिळवायला मात्र बरंच चालावं लागतं. तोवर पायी चालणाऱ्याबरोबर पायीच चालायचं, असा आमचा नियम आहे.

कथा सांगताना तो गोंधळतो. प्रत्येक वंशाची सुरुवात वेगळी, त्यामुळे चौघांनी चार वंश घेतले तर सुरुवातीच्या कथाही चार. एकाच्या कथेत इतरांना पाहुणे म्हणून जाता येतं, पण संवाद चालू असताना चौघांच्या गप्पाही चालूच असतात, आणि कोणाचा सूड कोण का घेतोय हे कोणालाच कळत नाही. कथा ज्याने त्याने सवडीने एकट्याने पाहावी. गर्दीच्या लढाईत पन्नास जणांच्या मंत्रांचे रंग पडद्यावर एवढे उसळतात की स्वतःचं पात्र सापडत नाही. सेटिंग्जमध्ये ते कमी करता येतात, पहिल्याच दिवशी करून टाकावेत. पिशवीत साठणाऱ्या शंभर प्रकारच्या वस्तूंचं काय करायचं, हे तो नीट शिकवत नाही. ते शिकवायला जुना मित्रच लागतो.

आणि सगळ्यांना तो आवडेलच असं नाही. ज्याला आठवड्यागणिक ताकद वाढलेली आकड्यांत दिसायला हवी, त्याला ऐंशीनंतर इथे रितं वाटेल. पुढे जे आहे ते हिंडण्याचं, जमवण्याचं, चढण्याचं. लायन्स आर्च या बंदराच्या शहरात आणि डोंगराकपारीत उड्या मारत चढायच्या अवघड वाटा आहेत. नाशिकवाल्याचा हात तिथे चालत नाही. मेस्मर नावाचा मायावी वर्ग मात्र वर जाऊन खाली-वर जादूचं दार उघडू शकतो, आणि कितीतरी अनोळखी मेस्मर शिखरावर थांबून खालच्यांना वर घेतात. असा एक मेस्मर आपल्याच चौघांत असला तर उत्तमच.

तेव्हा आमचं ठरलं आहे ते असं. युरोप निवडायचा, महिनाभर मोफतच खेळायचं, तिथवर चौघंही टिकलो तर हार्ट ऑफ थॉर्न्स आणि पाथ ऑफ फायर हे जोडीने मिळणारे दोन विस्तार नव्या दोघांनी एकदमच घ्यायचे. पहिल्यात हवेत तरंगायला ग्लायडर मिळतो, दुसऱ्यात रॅप्टर. मी योद्धा, म्युनिकवाला गार्डियन, नाशिकवाल्याने धनुष्य हवं म्हणून रेंजर घेतला आहे. न्यू जर्सीवाला येत्या शनिवारी खातं उघडतोय, आणि मेस्मरच घे म्हणून आम्ही तिघं त्याच्या मागे लागलो आहोत.