ठमीची शुश्रूषा

अनुवादाचे काम करणाऱ्या माणसाला शब्दांच्या पोटात डोकावण्याची खोड लागते. 'शुश्रूषा' हा शब्द आपण आजाऱ्याच्या सेवेसाठी वापरतो. परंतु तो आला आहे 'श्रु' म्हणजे ऐकणे या संस्कृत धातूपासून, आणि त्याचा मूळ अर्थ आहे 'ऐकण्याची इच्छा'. गुरूचे ऐकण्याची इच्छा, तीवरून गुरूची सेवा, आणि पुढे रुग्णाची सेवा, असा त्याचा प्रवास. हे मला बी. ए.च्या वर्गात असतानाच ठाऊक झाले होते. पण रुग्ण जर बोलतच नसेल, इतकेच नव्हे तर आपले दुखणे प्राणपणाने लपवीत असेल, तर ऐकायचे ते काय, हा प्रश्न माझ्यापुढे टाकला एका कोंबडीने, २०२४ सालच्या मार्च महिन्यात.

दिल्लीत राहून कोंबड्या पाळणाऱ्या मराठी कुटुंबाकडे लोक थोड्या कौतुकाने आणि बऱ्याचशा संशयाने पाहतात. २०२१ च्या जानेवारीत राजधानीत कावळे व बदके बर्ड फ्लूने मेल्याचे निष्पन्न झाले होते, तेव्हापासून तर हा संशय अधिकच. आम्ही मेहरौलीच्या बाजूला, रिजच्या रानाच्या कडेने, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहतो. मागे दोन खाटा मावतील एवढे अंगण आहे. सासरे वारल्यावर सासूबाई मालवणजवळचे घर बंद करून आमच्याकडे आल्या. हिंदी त्यांना समजे, पण बोलवत नसे. शेजारणी प्रेमाने हाक मारीत. या नुसत्या हसत आणि आत येत. दिवसचे दिवस त्या मागच्या पायरीवर समोरच्या भिंतीकडे पाहत बसत. ज्या बाईने साठ वर्षे पहाटे खुराडे उघडून दिवसाला आरंभ केला, तिला उघडायला येथे काहीच नव्हते.

कार्यालयातील एक सहकारी बरेलीचे. त्यांच्याकडून इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असील जातीपासून तयार केलेल्या 'निर्भीक' वाणाच्या चार तलंगी आम्हांला मिळाल्या. असील ही झुंजीसाठी नावाजलेली जात. तेव्हा हे नाव तिच्या वंशाला शोभणारेच. माझ्या मुलीने मात्र त्यांतील सर्वांत निर्भीक पोरीचे नाव ठेवले ठमी.

मुंगूस दिवसा शिकार करते, हे पुष्कळांना माहीत नसते. मांजराची भीती रात्री, म्हणून रात्री खुराडे बंद केले की आपण निश्चिंत होतो. मुंगूस सकाळच्या कोवळ्या उन्हात निवांतपणे येते. आमच्या अंगणात ते मोरीच्या तोंडावाटे आले. मी आत मुद्रिते तपासत होते. बाहेर जो कल्लोळ उठला तो ऐकून धावले, तर सासूबाई खराटा घेऊन आधीच पोचल्या होत्या. मुंगूस नाहीसे झाले होते आणि ठमी तुळशीच्या कुंडीमागे मान आखडून, डोळे अर्धवट मिटून बसली होती. जमिनीवर मूठभर पिसे. पाठीवरची कातडी पंखाच्या मुळापर्यंत उलगडली होती.

माझा पहिला विचार तिला उचलून पोटाशी धरण्याचा. सासूबाईंनी हात आडवा केला. "आवळू नको गो, जीव जायत तिचो," त्या म्हणाल्या. हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. पण पुढे डॉक्टरांनी सांगितले तेही हेच. पक्ष्याला आपल्यासारखा छाती आणि पोट यांमधला पडदा नसतो. उरोस्थी खालीवर होईल तेव्हाच त्याचा श्वास चालतो, आणि प्रेमाने घट्ट धरलेली कोंबडी प्रेमानेच गुदमरते. सासूबाईंनी जुन्या धोतराचा तुकडा तिच्यावर टाकला, हळूच दोन्ही पंख मिटवून तिला उचलले आणि माझ्या पुस्तकांच्या रिकाम्या खोक्यात ठेवून वर झाकण ओढले. "तिका काळोख दी. दिसला नाय की भियाची नाय."

मग प्रश्न आला डॉक्टरांचा. पहिल्या दवाखान्यात खिडकीवरच्या गृहस्थाने खोक्यात डोकावून, ही येथे कशाला आणली, खाटिकाकडे न्या, असे हसत सांगितले. त्याचा राग आला खरा; पण त्याचे गणित चुकीचे होते असे म्हणता येत नाही. चारशे रुपयांच्या कोंबडीवर रिक्षा आणि औषधे मिळून त्या आठवड्यात अकराशे रुपये खर्च झाले. चाँदनी चौकात लाल मंदिराच्या आवारात जैन समाजाने चालविलेले धर्मार्थ पक्षी रुग्णालय आहे, १९२९ साली सुरू झालेले. तेथे शाकाहारी पक्ष्यांना ठेवून घेतात. मांसाहारी पक्ष्यांवर उपचार करतात, पण त्यांना मुक्काम देत नाहीत. मुलीने लगेच विचारले, गांडूळ खाणारी ठमी कोणत्या रांगेत उभी राहील? तो वाद सुटण्याआधीच जवळच एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या आणि चाँदनी चौकाची लांबची वाट वाचली.

त्या बाईंनी प्रथम जखम पाहिली नाही. त्यांनी जखमेच्या आसपासची कातडी बोटांनी हलकेच दाबली आणि कान जवळ नेला. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात. सुळा तेथवर पोचला तर हवा कातडीखाली शिरते, आणि दाबले की चुरचुर आवाज येतो. आवाज आला नाही. मग त्यांनी भोवतालची पिसे कातरली, मिठाच्या निर्जंतुक पाण्याने जखम पुनःपुन्हा धुतली, पोव्हिडोन आयोडीन पातळ करून लावले आणि वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम दिले. हे नाव ऐकून मी चमकले. काही काळापूर्वी मी गिधाडांवरच्या एका लेखाचा अनुवाद केला होता. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने गिधाडे मरतात हे ध्यानात आल्यावर २००६ साली जनावरांसाठी त्या औषधाच्या उत्पादनावर बंदी आली आणि त्याच्या जागी सुचविले गेले ते हेच मेलॉक्सिकॅम. कागदावर भेटलेले औषध असे खोक्यातल्या कोंबडीच्या चोचीत जाताना पाहून, अनुवादकालाही कधीमधी प्रत्यक्ष जग भेटते, असा दिलासा वाटला. प्रतिजैविकही होते, ते चालू असताना आणि नंतर त्यांनी सांगितलेले दिवस उलटेपर्यंत अंडी खायची नाहीत, ही ताकीद त्यांनी दोनदा दिली. ठमीने ती फार गंभीरपणे घेतली. अंडी घालणेच तिने बंद केले.

पहिल्या रात्री यजमानांनी विषय काढला. दुसऱ्या दिवशीही ती अशीच राहिली तर तिचे हाल संपवावेत, असे त्यांचे म्हणणे. ते निर्दय नाहीत. कोकणातच वाढले आहेत. सासूबाई भाकरी थापीत होत्या. त्या म्हणाल्या, "गावात आसती तर आज सांजेकच रस्सो झालो असतो. मीच केलो असतो." थोड्या वेळाने, तव्याकडेच पाहत, पुढे म्हणाल्या, "हंय माझ्या वळखीची तीच चार." त्यावर यजमान काही बोलले नाहीत. उठून त्यांनी बाटलीत गरम पाणी भरले आणि फडक्यात गुंडाळून खोक्यात नेऊन ठेवले.

निरोगी कोंबडीच्या अंगाची उष्णता आपल्याहून पुष्कळ अधिक, एक्केचाळीस अंश सेल्सिअसच्याही वर असते. घाबरलेली, रक्त गेलेली कोंबडी ती टिकवू शकत नाही. म्हणून जखमेआधी ऊब. पाण्याचे मात्र सांभाळावे लागते. चोच उघडून घशात पाणी ओतण्याचा मोह कोणालाही होईल, परंतु कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते, आणि दयेने ओतलेला घोट थेट फुप्फुसात जाऊ शकतो. सासूबाई बोट पाण्यात बुडवून तिच्या चोचीच्या कडेला टेकवीत. थेंब ओघळे, आणि ठमी मान वर करून तो आपणच गिळी. एका घोटाला दहा मिनिटे लागत. मी हे काम दोनदा केले आणि दोन्ही वेळा कंटाळले. त्या रात्रभर करीत होत्या.

तिसऱ्या दिवसापासून शत्रू बदलला. दिल्लीत मार्च उजाडला की माशा येतात, आणि उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली तर दिवसाभरात तेथे अळ्या वळवळू लागतात. खोक्यावर मच्छरदाणी आली. सकाळ-संध्याकाळ दिव्याच्या उजेडात जखम पाहायची, धुवायची, वास घ्यायचा. होय, वास घ्यायचा. चांगल्या जखमेला वास येत नाही. आणि सासूबाई ऐकत असत. कोंबडीच्या घशातला बारीक कुरकुर आवाज, श्वासाला लागलेली शीळ, खोक्याच्या तळाला नख लागल्याची खसखस. सहाव्या रात्री त्यांनी मला उठवले. "खरवडता," त्या कुजबुजल्या. आत ठमी पायाने कागद उकरीत होती. सकाळी तिने भिजवलेली नाचणी वाटीभर खाल्ली.

पिसांची एक गंमत या दिवसांत कळली. जी पिसे मुंगसाने मुळासकट उपटली होती, ती काही आठवड्यांत निळसर कोंबांच्या रूपाने परत आली; जी डॉक्टरीणबाईंनी कातरली होती, त्यांचे खुंट पुढल्या पीसझडीपर्यंत तसेच राहिले. शत्रूने केलेले नुकसान लवकर भरून निघाले आणि वैद्याने केलेले दिसत राहिले. याचा कोणी अन्योक्तीसाठी उपयोग करणार असेल तर खुशाल करावा.

परंतु खरी कठीण वेळ जखम भरल्यावर आली. नॉर्वेचे थोर्लेफ श्येल्डरुप-एब्बे यांना कोंबड्यांचे वेड लहानपणापासूनचे. कोण कोणाला टोचते हे वर्षानुवर्षे टिपून त्यांनी १९२२ साली दाखवून दिले की, कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. ठमी पहिल्या पायरीवर होती. तीन आठवडे ती दिसली नाही आणि तिची जागा भरली गेली. शिवाय कोंबडीला लाल रंग दिसला की चोच आवरत नाही; आणि कोवळी कातडी लालच. तिला एकदम सोडली असती तर मुंगसाने अर्धवट टाकलेले काम तिच्या सख्ख्या बहिणींनी पुरे केले असते. म्हणून अंगणात मध्ये तारेची जाळी लावून दहा दिवस शेजार घडविला, मग संध्याकाळच्या अंधुक उजेडात ती तिघींच्या रांगेत नेऊन बसविली. सकाळी दोनचार टोचे बसले. तिने ते खाली मान घालून सोसले आणि चौथ्या पायरीवर जाऊन उभी राहिली. सर्वांत शेवटी दाणे टिपणारी, सावली हलली तरी दचकणारी 'निर्भीक' कोंबडी.

मोरीच्या तोंडाला अर्ध्या इंचाची जाळी बसविली आहे. मुंगूस अजूनही भिंतीवरून जाते. त्याला मारण्याचा सल्ला एका शेजाऱ्यांनी दिला. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय आहे, आणि चित्रकारांच्या कुंचल्यांसाठी केस हवेत म्हणून त्याच्या जातीची आधीच चोरटी कत्तल होते. सासूबाईंचे मत अधिक थोडक्यात होते: "ताचाय पोट आसा." हे त्यांनी त्या शेजाऱ्यांनाच ऐकविले, हिंदीत. म्हणजे, जी हिंदी त्यांनी ठमीच्या चौकशीला येणाऱ्या शेजारणींशी महिनाभर बोलून तयार केली होती, तीत.

मे महिन्यात त्या घराची कौले पाहण्यासाठी महिनाभर मालवणला गेल्या. रोज संध्याकाळी फोन येई. प्रथम ठमीने दाणे खाल्ले का, मग नातीने दूध घेतले का, मग मुलगा वेळेवर घरी येतो का. आणि वेळ उरला तर माझी विचारपूस. श्येल्डरुप-एब्बे यांनी आमच्या घरी येऊन टिपणे घेतली असती, तर त्यांना माझी पायरी शोधायला फार वेळ लागला नसता.